'द स्टेटमेंट' (२००३): सिनेमा बघायच्या आधी आणि बघून झाल्यावर लोक विचारतात ते प्रश्न

गोष्ट काय आहे? स्पॉयलर नको, थोडक्यात सांगा

सुरुवात १९४४ च्या फ्रान्समध्ये. डोंबे नावाचं गाव, रात्रीची वेळ, फ्रेंच युनिफॉर्ममधला एक तरुण ऑफिसर सात ज्यू माणसांना गोळ्या घालायला लावतो. हे सगळं ब्लॅक अँड व्हाईटमध्ये पटकन उरकतं. मग एकदम रंगीत, १९९२, दक्षिण फ्रान्समधलं छान ऊन, आणि तोच ऑफिसर आता म्हातारा झालाय, छातीत दुखतं, गोळ्या चघळतो, देवाचं नाव घेतो आणि एका मठातून दुसऱ्या मठात लपत फिरतो. पियेर ब्रोसार त्याचं नाव. एक दिवस एक मारेकरी त्याच्या मागावर येतो आणि म्हातारा त्यालाच उडवतो. मेलेल्याच्या सामानात एक टाईप केलेला कागद सापडतो, ब्रोसारला मारून त्याच्या प्रेतावर ठेवायचा, डोंबेच्या ज्यूंचा बदला घेतला अशा अर्थाचा. तेच ते स्टेटमेंट. तिथून पुढे दोन पाठलाग समांतर चालतात, एकीकडे मारेकरी आणि दुसरीकडे कोर्टातर्फे त्याला जिवंत पकडायला निघालेली न्यायाधीश बाई, आणि ब्रोसारला कोण मित्र नि कोण वैरी तेच कळेनासं होतं. पुढचं बघा.

ब्रोसार खरा माणूस होता का?

नाव खोटं, माणूस बराचसा खरा. ब्रायन मूर या बेलफास्टमध्ये जन्मलेल्या लेखकाच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे आणि मूरने ब्रोसार घेतलाय तो पॉल तूव्हिए नावाच्या माणसावरून. तूव्हिए १९१५ सालचा, दक्षिण फ्रान्समधला, अगदी कडक कॅथलिक घरातला. १९४४ साली तो लियॉन शहरात मिलिस या निमलष्करी संघटनेच्या गुप्तचर खात्याचा प्रमुख होता, वय फक्त २९.

२८ जून १९४४ ला पॅरिसमध्ये फिलिप आंरियोला जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच क्रांतिकारकांनी मारलं. आंरियो म्हणजे जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचा प्रचारमंत्री, रोज रेडिओवरून जर्मनांची बाजू मांडायचा. त्याचा बदला म्हणून दुसऱ्याच दिवशी पहाटे लियॉनजवळच्या रिल्यू गावात स्मशानाच्या भिंतीशी सात ज्यू बंदिवानांना उभं करून मारलं. सिनेमातलं डोंबे म्हणजे हेच रिल्यू. या सातांतल्या एकाची तर खटल्याच्या वेळेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांनी सुद्धा ओळख पटलेली नव्हती. आणि एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट, बंदिवानांत एक लुई गुदार म्हणून क्रांतिकारकही होता, ज्यू नव्हता, त्याला बाजूला काढून जिवंत ठेवलं. पुढे तोच साक्षीदार झाला. म्हणजे रागाच्या भरात हाती लागेल त्याला मारलं असा काही प्रकार नव्हता, निवडून ज्यूच घेतले होते.

मिलिस म्हणजे जर्मन पोलीस ना?

नाही, आणि तिथेच लोकांचा गोंधळ होतो. मिलिस शंभर टक्के फ्रेंच. १९४० मध्ये फ्रान्स हरला, मार्शल पेताँने विशी गावात सरकार मांडलं आणि जर्मनांशी जुळवून घेतलं. जानेवारी १९४३ मध्ये त्याच सरकारने ही निमलष्करी संघटना काढली, प्रमुख जोसेफ दार्नां. क्रांतिकारकांना पकडणं, छळ करणं, ज्यूंना हुडकून काढणं ही यांची कामं. लोक जर्मनांपेक्षा यांना जास्त घाबरायचे असं म्हणतात ते पटण्यासारखं आहे, कारण ही माणसं त्याच गल्लीतली, भाषा तीच, कोण कुठे लपलाय हे यांना बरोबर माहीत. युद्धाच्या काळात फ्रान्समधून साधारण ७६,००० ज्यूंना छावण्यांत पाठवलं गेलं आणि परत आले ते जेमतेम अडीच हजार.

फाशीची शिक्षा झालेला माणूस वीस वर्षांनी मोकळा कसा काय होतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि येणारच. तूव्हिएला एकदा नाही दोनदा मृत्युदंड झाला होता, १९४६ मध्ये लियॉनला आणि १९४७ मध्ये शांबेरीला, दोन्ही वेळा त्याच्या गैरहजेरीत कारण साहेब फरार. १९४७ मध्ये पॅरिसला एकदा सापडलाही होता आणि तिथूनही निसटला. आता फ्रेंच कायदा असा की शिक्षा सुनावल्यावर वीस वर्षांत अंमलबजावणी झाली नाही तर ती शिक्षाच मुदतबाह्य होते. १९६७ उजाडलं आणि फाशी आपोआप गळून पडली. आपल्याकडे मुदत संपली हा प्रकार फौजदारीत किरकोळ गुन्ह्यांपुरता असतो, तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात खटला भरायला मुदतच नसते, त्यामुळे आपल्याला हे ऐकून चक्कर येते.

पण फाशी गेली तरी तिच्या मागून येणारी शेपटं शिल्लक होती, अमुक भागात राहायचं नाही, वडिलार्जित मालमत्तेवर हक्क नाही वगैरे. ती काढून घेण्यासाठी चर्चमधल्या ओळखीपाळखीने खटपट सुरू झाली, त्यात पुढे होता मोन्सिन्योर द्युकेर नावाचा लियॉनच्या कार्डिनलचा सेक्रेटरी, त्याने वर्षानुवर्षं शिफारसपत्रं गोळा केली. आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पाँपिदूंनी माफीवर गुपचूप सही केली. गुपचूपच राहिलं असतं, पण जून १९७२ मध्ये 'लेक्सप्रेस' साप्ताहिकाने बातमी फोडली आणि देशभर आगडोंब उसळला. गंमत बघा, माफी मागितली नसती तर हा माणूस बहुतेक विस्मृतीत गेला असता. वडिलांच्या घराच्या हक्कापायी पुन्हा उजेडात आला.

मग पुन्हा अटक कुठल्या कायद्याने?

मानवतेविरुद्धचा गुन्हा. डिसेंबर १९६४ मध्ये फ्रेंच संसदेने कायदा केला की या गुन्ह्याला मुदत नाही, कधीही खटला भरता येईल. तेव्हा डोळ्यासमोर जर्मन नाझी होते, कारण वीस वर्षं भरत आली होती आणि ते सगळे सुटतील अशी भीती होती. आपलीच माणसं या जाळ्यात येतील असं तेव्हा फार कोणाच्या मनात नसावं. १९७३ मध्ये रिल्यूच्या मृतांच्या नातेवाइकांतर्फे आणि इतरांतर्फे तूव्हिएवर या कलमाखाली तक्रारी झाल्या, हा परत भूमिगत, १९८१ मध्ये वॉरंट निघालं, आणि पकडला गेला मे १९८९ मध्ये. सोळा वर्षं नुसती टोलवाटोलवी.

न्यायाधीश बाई स्वतः गाडी घेऊन आरोपीच्या मागे का फिरते? तिला कोर्ट नाही का?

फ्रान्समध्ये मोठ्या गुन्ह्याचा तपासच न्यायाधीशाच्या हाती असतो, त्यांना तपासी न्यायाधीश म्हणू. साक्षीदार तपासणं, झडतीचे आदेश, फोन टॅप, सगळं तीच ठरवते, आणि शेवटी निकाल देणारे न्यायाधीश वेगळे. टिल्डा स्विंटनची लिव्ही ही अशी न्यायाधीश आहे त्यामुळे ती फिरते ते बरोबरच आहे, जरा जास्तच फिरते एवढंच.

तिच्याबरोबरचा कर्नल रू (जेरेमी नॉर्दम) हा पोलीस नाही, जॉन्दार्मरीचा आहे. जॉन्दार्मरी म्हणजे लष्कराच्या शिस्तीतलं पोलीस दल, नेहमीच्या पोलिसांपेक्षा वेगळं खातं, आणि दोघांचं फारसं पटत नाही. सिनेमात लिव्ही मुद्दाम जॉन्दार्म घेते कारण पोलिसांतून बातमी फुटते. खऱ्या प्रकरणातही असंच झालं, तपास पोलिसांकडून काढून जॉन्दार्मरीकडे दिला आणि मगच वर्षानुवर्षं न सापडणारा माणूस पटकन सापडला. यावर मी काय बोलू, तुम्ही समजून घ्या.

चर्चने खरंच लपवलं होतं का, की सिनेमावाल्यांनी मीठमसाला लावलाय?

लपवलं होतं. चाळीस वर्षं. मठ, पाद्र्यांची घरं, कॉन्व्हेंट, एकीकडून दुसरीकडे. २४ मे १९८९ ला तो सापडला तेव्हा नीस शहरात संत पायस दहावा संघटनेच्या मठात लाक्रुआ आडनावाने राहत होता. ही संघटना म्हणजे आर्चबिशप लफेव्हर यांचे अनुयायी, व्हॅटिकनने साठच्या दशकात केलेल्या सुधारणा यांना मान्य नाहीत, मास म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना लॅटिनमध्येच हवी. १९८८ मध्ये लफेव्हर यांना रोमने बहिष्कृत केलं होतं, म्हणजे अटक झाली ती मुख्य चर्चशी फारकत घेतलेल्या लोकांच्या दारात. पण त्याआधीची कितीतरी वर्षं त्याला आसरा देणारे मुख्य चर्चमधलेच होते.

यात एका गोष्टीचं श्रेय दिलं पाहिजे. लियॉनचे कार्डिनल देकुर्त्रे यांनी अटकेनंतर चर्चची कागदपत्रं इतिहासकारांना उघडी करून दिली. रने रेमों या इतिहासकाराच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९९२ च्या सुरुवातीला जाडजूड अहवाल आला. त्यात एखादा मोठा कट, वरून आलेला आदेश असं काही सापडलं नाही. सापडलं ते असं की कोणी दया आली म्हणून ठेवून घेतलं, कोणी शरण आलेल्याला नाही म्हणायचं नसतं म्हणून, कोणाला त्याचं राजकारण पटायचं, कोणी कोणाच्या शब्दाखातर. प्रत्येकाने आपापल्यापुरतं चार दिवस, चार महिने सांभाळलं आणि पुढच्याच्या नावे चिठ्ठी दिली.

आणि माझ्या मते सिनेमा इथेच कमी पडतो. सिनेमात एक गुप्त संघटना दाखवली आहे, 'शेव्हालिये द सेंत मारी', पाकिटातून पैसे येतात, वर मोठे लोक बसलेत. थ्रिलरला असं काहीतरी लागतं हे मान्य. पण गुप्त संघटना दाखवली की बघणारा निवांत होतो, कारण आपण कुठे त्या संघटनेत आहोत. खरं प्रकरण वाचताना तसं निवांत होता येत नाही, कारण त्यातले बरेचसे लोक साधे, सज्जन, दारावर आलेल्याला ताट वाढणारे होते. सातजणांच्या घरी मात्र त्यातलं किती जण गेले, ते कुठे वाचायला मिळत नाही.

१९९२ सालच का दाखवलंय, अटक तर १९८९ ची ना?

कारण विचारलंत तर मला १९९२ फार चपखल वाटतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाच्या खंडपीठाने तूव्हिएवर खटलाच चालणार नाही असा निर्णय दिला. कारण काय, तर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची व्याख्या १९८५ मध्ये क्लाऊस बार्बीच्या प्रकरणात ठरली होती (बार्बी म्हणजे लियॉनमधल्या गेस्टापोचा, नाझींच्या गुप्त पोलिसांचा, प्रमुख, बोलिव्हियात लपला होता, १९८३ मध्ये आणला) आणि त्या व्याख्येत गुन्हा अशा राजवटीच्या नावाने व्हावा लागतो जिचं धोरणच एका विचारसरणीचं वर्चस्व लादायचं आहे. नाझी जर्मनी तशी राजवट होती, विशी मात्र तशी नव्हती, सबब खटला नाही. विशीबद्दल असलं प्रशस्तिपत्रक वाचून फ्रान्समधले लोक हादरले. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च कोर्टाने तो निर्णय रिल्यूपुरता फिरवला आणि खटल्याची वाट मोकळी झाली. सिनेमाचं साल हे त्या वातावरणाचं साल आहे, जिथे लोक उघड विचारत होते की म्हाताऱ्याला आता कशाला छळता.

खटल्यात शेवटी काय झालं?

मार्च ते एप्रिल १९९४, व्हर्साय. हा भाग सिनेमात नाहीच आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी नाट्य इथे आहे, कोणीतरी यावर नाटक लिहायला पाहिजे.

वर सांगितलं ना व्याख्येचं, तर सर्वोच्च कोर्टाने वाट काढली ती अशी की रिल्यूचा प्रकार गेस्टापोच्या सांगण्यावरून झाला, म्हणून तो जर्मनांच्या योजनेचा भाग, म्हणून मानवतेविरुद्धचा गुन्हा. आणि जर्मनांनी सांगितलं हे म्हणत कोण होतं? स्वतः तूव्हिए. त्याचा बचावच हा होता की लियॉनचा जर्मन अधिकारी क्नाब शंभर माणसं मागत होता, घासाघीस करून तीसवर आणली आणि मी सातवर थांबवलं, म्हणजे बघा मी तेवीस जीव वाचवले. आता मृतांच्या बाजूच्या वकिलांची पंचाईत अशी की त्याला दोषी ठरवायला त्याचीच थाप खरी धरायची, कारण जर्मनांचा हुकूम नव्हता, याने आणि मिलिसने आपण होऊन केलं, असं सिद्ध झालं की व्याख्येत बसत नाही आणि हा सुटतो! बहुतेक वकील नाइलाजाने त्या वाटेने गेले. आर्नो क्लार्सफेल्ड हा तरुण वकील मात्र उभा राहून सरळ म्हणाला की जर्मन हुकूम वगैरे काही नव्हता, तरीही मिलिस जर्मनांची सहकारी होती म्हणून हा दोषीच आहे. त्याच्या बाजूचे ज्येष्ठ वकील त्याच्यावर जाम भडकले.

दुसरं म्हणजे हिरवी वही. अटकेनंतर त्याच्याकडे सापडलेली, अलीकडच्याच वर्षांतली, त्यात टीव्हीवर कोणी ज्यू माणूस दिसला की त्याच्यावर गरळ ओकलेली. आपण बदललो, पश्चात्ताप झाला असं सांगणाऱ्याची ही वही कोर्टात वाचली गेली म्हटल्यावर उरलंसुरलं संपलं. २० एप्रिल १९९४ ला जन्मठेप. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला तो पहिला फ्रेंच माणूस. जुलै १९९६ मध्ये फ्रेनच्या तुरुंगात कॅन्सरने गेला, वय ८१.

सिनेमातला बर्टिए हा सरकारातला बडा माणूस आणि तो वरचा 'ओल्ड मॅन' कोणावर बेतलेत?

एकाच माणसावर असं नाही म्हणता येणार, पण फ्रान्समध्ये असे लोक शोधायला लांब जावं लागत नव्हतं. रने बुस्के, विशीच्या पोलिसांचा मुख्य सचिव, जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये १३,००० च्या वर ज्यूंची धरपकड झाली ती त्याच्या यंत्रणेने केली, युद्धानंतर बँकेत मोठ्या पदावर, राष्ट्राध्यक्ष मितेराँशी घरोबा. खटला उभा राहायच्या आधी जून १९९३ मध्ये एकाने घरी येऊन गोळ्या घातल्या. आणि मोरिस पापों, बोर्दोच्या प्रशासनात असताना ज्यूंना पाठवायच्या कागदांवर सह्या, नंतर पॅरिसचा पोलीसप्रमुख आणि पुढे चक्क अर्थसंकल्प खात्याचा मंत्री. १९९८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा, अपिलाच्या वेळी स्वित्झर्लंडला पळाला, परत आणला, २००२ मध्ये तब्येतीच्या कारणाने बाहेर. तूव्हिए यांच्यापुढे हवालदारच म्हणायचा. सिनेमा हे बरोबर पकडतो की वरच्यांना खालचा नकोसा झालाय, कारण तो पकडला गेला तर तोंड उघडेल.

मायकेल केन या रोलमध्ये शोभतो का? आमच्या डोक्यात तो आल्फ्रेडच बसलाय

बॅटमॅनचा प्रेमळ बटलर विसरूनच बसा. मला तरी केन हाच या सिनेमाचा जीव वाटतो. त्याने ब्रोसारला राक्षस केला नाही आणि बिचाराही केला नाही. मार्सेला तो सोडून दिलेल्या बायकोकडे (शार्लट रॅम्पलिंग) आसऱ्याला जातो तो भाग बघा. आधी गोड बोलतो, मग धाप लागल्यासारखं करतो, आपण आजारी आहोत, थकलोय, आणि ती बधत नाही म्हटल्यावर सरळ तिच्या कुत्र्याच्या जिवावर उठतो. आवाज फारसा चढत नाही. तिचा चेहरा बघताना कळतं की हे तिने आधीही बघितलंय. १९४४ चा ऑफिसर पहिल्या ब्लॅक अँड व्हाईट सीनपेक्षा मला तरी इथे जास्त दिसला. आणि लगेच पुढे हाच माणूस गुडघे टेकून पापक्षालन मागतो आणि मनापासून मागतो, ढोंग वाटत नाही, तेच भयंकर आहे.

खरा तूव्हिए मात्र एकटा नव्हता बरं का, बायको आणि दोन मुलं त्याच्याबरोबरच लपून राहायची.

सगळे फ्रेंच लोक लंडनच्या अॅक्सेंटमध्ये का बोलतात?

कारण नट ब्रिटिश आणि सिनेमा इंग्लिश, बास. टीकाकारांनी यावरून धुतलंय आणि चूक नाही, पाटी फ्रेंचमध्ये, पेपर फ्रेंच, शूटिंग खऱ्या फ्रान्समध्ये आणि बोलणं पक्कं इंग्रजी. पहिली पंधरा मिनिटं खटकतं. नंतर सवय होते असं मी म्हणणार नाही, पण खटकणं कमी होतं.

थ्रिलर म्हणून कसा आहे? कंटाळा येतो का?

मधे येतो. खोटं कशाला बोला. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन, कॅनडाचा, नावावरून वाटतो तसा ज्यू नाही, हा त्याचा शेवटचा सिनेमा, पटकथा रोनाल्ड हारवुडची, एवढी तगडी मंडळी असून लिव्ही आणि रूचे सीन नुसते माहिती सांगायला लिहिल्यासारखे झालेत, एकजण विचारतो दुसरा विकिपीडिया वाचतो. थिएटरात सिनेमा चालला नाही. पण म्हातारा एकटा असला की पकड घट्ट, स्टेशन, बार, मठाचं दार उघडेपर्यंतची वाट, तिथे सिनेमा जमलाय. अॅलन बेट्स (बर्टिए) आणि सियारन हाइंड्स छोट्या रोलमध्ये मस्त. बेट्स सिनेमा अमेरिकेत लागला त्याच डिसेंबरमध्ये वारला.

पुस्तक आधी वाचू की सिनेमा आधी बघू?

पुस्तक. तूव्हिए जिवंत असतानाच ते आलं होतं. लहान आहे, वेगवान आहे, आणि ब्रोसारच्या डोक्यात शिरून त्याचं पापपुण्याचं गणित ऐकायला मिळतं, जे पडद्यावर केनला नुसत्या डोळ्यांनी करावं लागतं. उलट क्रमाने गेलात तरी काही बिघडत नाही, फक्त शेवट कळलेला असेल.

मुलांबरोबर बघता येईल का?

सुरुवातीचा गोळीबार आणि मधले दोनचार खून सोडले तर रक्तपात फार नाही. आठवी-नववीच्या पुढच्यांना चालेल, पण विशी, मिलिस हे आधी पाच मिनिटं समजावून सांगा नाहीतर दर सीनला "हा कोणाच्या बाजूचा?" असं ऐकून घ्यावं लागेल. आणि सबटायटल लावाच, केन प्रार्थना पुटपुटतो ती नुसत्या कानांनी कळत नाही.